कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग: कोर्समध्ये नक्की काय शिकवतात?

पॅराग्लायडिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टँडेम येतं. पुढे आपण, मागे अनुभवी पायलट, दहा-पंधरा मिनिटं हवेत, व्हिडिओ काढून झाला की खाली. हौस भागते, पण त्यात आपण निव्वळ प्रवासी असतो. कोर्सचं तसं नाही. तिथे विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, तुमच्या हातात असते, आणि पहिल्यांदा पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा हवेत तुमच्याबरोबर कुणीही नसतं. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचं कामशेत, तिथून पवना आणि वडिवळे धरणांकडे पसरलेला मावळचा पट्टा, आणि ऑक्टोबर ते मे हा मोसम. मुंबई-पुण्याची माणसं चार दिवसांची रजा टाकून इथे येतात आणि सुट्टी टेकडी चढण्यात घालवतात.

घरचे विचारतात, चार दिवसांत माणूस उडायला कसा शिकेल? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की उडण्याचं काम विंगच करते, आणि ती ते उत्तम करते. आपल्याला दोन गोष्टी शिकायच्या असतात: वारा ओळखायचा आणि विंगच्या कामात लुडबूड करायची नाही. पहिली गोष्ट शिकायला आयुष्य जातं. दुसरीची सुरुवात चार दिवसांत नक्की होते.

कापडाचा पंख होतो कसा

विमानाच्या पंखाला धातूचा सांगाडा असतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो. नायलॉनच्या कापडाचे दोन थर, एक वरचा आणि एक खालचा. मध्ये कापडाच्याच उभ्या पट्ट्या शिवलेल्या, त्यामुळे विंगचे बरेच कप्पे पडतात. प्रत्येक कप्प्याचं पुढचं तोंड उघडं, मागची बाजू शिवून बंद. विंग पुढे सरकली की समोरची हवा तोंडातून आत शिरते, तिला मागून बाहेर जायला वाट नसते, मग ती आत दाबून बसते आणि कापडाला पंखाचा आकार येतो. या उभ्या पट्ट्यांना भोकं असतात, त्यातून हवा शेजारच्या कप्प्यात जाते आणि दाब सगळीकडे सारखा राहतो.

एवढं नीट समजलं तर पुढचं निम्मं आपोआप उलगडतं. विंग हवेतून पुढे जात आहे तोवर ती पंख आहे. थांबली, की ती २५-३० चौरस मीटर कापड आहे. म्हणून इन्स्ट्रक्टर सारखा ओरडत असतो, ‘हात वर, हात वर!’ कारण हातातले ब्रेक खाली ओढले की विंगची मागची कड खाली वळते आणि वेग कमी होतो. थोडा ब्रेक उपयोगाचा असतो. घाबरून दोन्ही हात मांडीपर्यंत ओढून धरले तर विंग स्टॉल होते, म्हणजे उडणंच थांबवते. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरून खाली ओढतो, हा आपला स्वभाव. कोर्समधली बरीच मेहनत हा स्वभाव मोडण्यात जाते.

आपण विंगच्या साधारण सात मीटर खाली, हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी अंगाला बांधलेल्या बैठकीत, बसलेले असतो. पातळ दोऱ्यांचा, म्हणजे लाइन्सचा, मोठा जुडगा वरून खाली येतो आणि दोन्ही खांद्यांपाशी पट्ट्यांमध्ये गोळा होतो. या पट्ट्यांना रायझर म्हणतात: सगळ्यात पुढचा ए, मग बी, मग सी. लाइन दिसायला बारीक दिसते, पण खालच्या मुख्य लाइन्सपैकी एकेक लाइन अख्ख्या माणसाचं वजन सहज पेलते. शरीराचं सगळं वजन इतकं खाली असल्यामुळे विंग कलली तरी आपोआप पुन्हा सरळ होऊ पाहते. नवशिक्यांसाठीच्या विंगमध्ये हा गुण मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. युरोपीय प्रमाणपत्रात अशा विंगला ईएन-ए वर्ग मिळतो. शिकताना हीच विंग हवी, कुणी कितीही वेगवान विंग देऊ केली तरी.

हा खेळ फार जुना नाही. १९७८ च्या जून महिन्यात फ्रेंच आल्प्समधल्या मियूसी गावाजवळ झाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसों हे तिघे पॅराशूटिस्ट आपली चौकोनी पॅराशूटं घेऊन डोंगरावर गेले आणि उतारावरून पळत सुटले. विमानाच्या भाड्याचा खर्च वाचवून सराव करता यावा, एवढाच हेतू होता. डोंगराच्या उतारावरून पळत जाऊन उडता येतं हे तिथे पक्कं झालं आणि पुढच्या काही वर्षांत आल्प्समध्ये हा स्वतंत्र खेळच उभा राहिला.

आकड्यांत पहिलं उड्डाण

नवशिक्याची विंग हात वर असताना हवेतून ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. शांत हवेत ती साधारण आठ मीटर पुढे जाते तेव्हा एक मीटर खाली येते. सेकंदाला सव्वा मीटरच्या आत-बाहेर उतरते असं समजा. आता टेकडी पायथ्यापासून १०० मीटर उंच असेल आणि वारा फारसा नसेल तर तुम्ही ८०० मीटर लांब जाल आणि दीड मिनिटाच्या आत खाली याल. कोर्समधलं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, बहुतेक असंच असतं. इतकंच? हो, इतकंच. त्या दीड मिनिटासाठी पंधरा किलोचं किट पाठीवर घेऊन टेकडी चढायची असते.

हा ३६ चा वेग हवेतून आहे, जमिनीवरून नाही. समोरून ताशी १२ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून तुमचा वेग २४ उरतो. तोच वारा पाठीमागून असेल तर ४८ होतो. २४ ने आलेला माणूस दोन पावलं पळून उभा राहतो, ४८ ने आलेला खाचरात कोलांट्या खातो. टेक-ऑफ आणि लँडिंग दोन्ही वाऱ्याकडे तोंड करूनच का करायचं, याचं कारण या वजाबाकीत आहे.

आधी जमिनीवरचा सराव

पहिला दिवस, आणि बऱ्याचदा दुसराही, सपाट माळावर किंवा अगदी सौम्य उतारावर जातो. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. नव्या माणसाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. माझं मत अगदी उलट आहे: कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग हाच. जमिनीवर विंग आवरता येत नाही त्याला टेकडीच्या काठावर नेणं हा शुद्ध धोका आहे.

आधी विंग नीट मांडायची. कापड कमानीसारखं पसरायचं, तोंडं वर, लाइन्स मोकळ्या. मावळात हे वाटतं तितकं सोपं नाही. दिवाळीनंतर भात कापलेल्या खाचरांत धसकटं असतात, माळावरच्या गवताची कुसळं मोज्यांत आणि कापडात घुसतात, कडेला करवंदाच्या जाळ्या. एक लाइन धसकटात अडकली तर विंग एका बाजूनेच वर येते. म्हणून दर वेळी डावीकडून उजवीकडे सगळ्या लाइन्सवर नजर फिरवायची आणि गुंता दिसला तर खाली बसून तो सोडवायचा. वारा छान लागलाय म्हणून गुंत्यासकट पळायचं नाही.

वारा बेताचा असेल तर रिव्हर्स लाँच शिकवतात. तोंड विंगकडे, पाठ वाऱ्याकडे. हार्नेसला लावलेले रायझर अंगासमोर एकमेकांवरून तिरके गेलेले. हातात ए रायझर आणि ब्रेक. एक पाऊल मागे टाकून ए रायझर हलके ओढले की कापडाची तोंडं फडफड करत भरतात आणि बघता बघता सगळी विंग डोक्याकडे चढू लागते. इथे खरी परीक्षा सुरू होते. समजा विंग डावीकडे झुकली. मन म्हणतं, उजवीकडे खेचून सरळ करावी. करायचं असतं नेमकं उलटं: ती जिकडे पडतेय तिकडेच आपण चार पावलं जायचं, म्हणजे आपण पुन्हा तिच्या बरोबर खाली येतो आणि ती सावरते. डोक्यावर आली की थोडा ब्रेक, नाहीतर ती आपल्याला ओलांडून पुढे जाऊन कोसळते. मग वळायचं, पुन्हा वर बघायचं, आणि पळायचं.

विंग उचलायला लागली की नवशिका पळणं थांबवतो आणि टुणकन हार्नेसमध्ये बसतो. त्याच क्षणी विंगवर पूर्ण भार पडतो, वेग पुरेसा नसतो, आणि तो बुडावर आपटतो. पाय हवेत चालत असले तरी पळत राहायचं, असं इन्स्ट्रक्टर बजावत राहतात ते याचसाठी.

वारा वाढला की काय होतं हेही इथेच कळतं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी १० चा वारा २० झाला तर ओढ दुप्पट वाढत नाही, चौपट वाढते. सकाळी लाडात येणारी विंग अकरा वाजता तुम्हाला माळावरून फरफटत नेते ती त्यामुळे. अशा वेळी एक ब्रेक पूर्ण ओढून विंगच्या दिशेने पळायचं म्हणजे ती निपचित पडते, हे तंत्र हाताला लागेपर्यंत घोटून घेतात.

मावळातला वारा वाचताना

सह्याद्रीच्या टेकड्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या आहेत. त्यामुळे त्यांचे माथे सपाट आणि कडा ताठ. वारा समोरून येऊन अशा कडेवर आदळला की त्याला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. या वर जाणाऱ्या हवेच्या पट्ट्यात विंग ठेवली आणि हवा विंगच्या उतरण्यापेक्षा जास्त वेगाने वर जात असली, की दीड मिनिटाचं उड्डाण अर्ध्या तासाचं होतं. कडेला समांतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. यालाच सोअरिंग म्हणतात, आणि पवनेचं पाणी, तुंग-तिकोना, लोहगड-विसापूर हे सगळं खाली-समोर मांडलेलं असताना ते करण्यात जे सुख आहे त्यासाठी टेकडी कितीही वेळा चढावी.

पण जो वारा समोरच्या बाजूने वर जातो तो माथा ओलांडून पलीकडे उतरतोही. ओढ्यातल्या मोठ्या धोंड्यामागे पाणी जसं गरगरतं, तशी हवा टेकडीमागे गरगरते. तिला रोटर म्हणतात. पाण्यातला भोवरा दिसतो, हवेतला दिसत नाही, आणि त्यात शिरलेली विंग कुठल्याही बाजूने मिटू शकते. शिवाय माथ्यापाशी हवा दाटीने जाते, त्यामुळे तिथे वारा पायथ्यापेक्षा जोरात असतो. वारा तुमच्या विंगच्या वेगाइतका वाढला तर तुम्ही हवेत जागच्या जागी उभे राहता, आणखी वाढला तर उलटे मागे, रोटरच्या दिशेने जाऊ लागता. म्हणून सोअरिंगचा पहिला नियम: वळायचं ते नेहमी टेकडीपासून लांब, वाऱ्याकडे.

कामशेतला शिकण्याची सोय अशी की मोसमाप्रमाणे वारा बाजू बदलतो आणि दोन्ही बाजूंना तोंड करून असलेल्या टेकड्या उपलब्ध आहेत. ऑक्टोबर ते जानेवारी वारा मुख्यतः पूर्वेचा. फेब्रुवारीपासून पुढे पश्चिमेचा जोर वाढत जातो, कारण घाटावरची जमीन तापते आणि समुद्राकडची हवा दुपारनंतर घाट चढून येते. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही इथल्या पायलटांच्या तोंडी रोज येणारी नावं. आज कुठल्या टेकडीवर जायचं हे सकाळी वारा पाहून ठरतं, आणि दुपारी बदलूही शकतं.

दिवसाचं वेळापत्रकही वाराच लावतो. सकाळी हवा शांत, म्हणून विद्यार्थी सकाळी. ऊन तापलं की उघडी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन झोताझोताने वर सुटते. हे थर्मल. अनुभवी पायलट त्यात गोल फिरत ढगापर्यंत पोचतात, नवशिक्याला मात्र त्यात नुसते हिसके बसतात. म्हणून भर दुपारी जेवण, थिअरी आणि झोप. चारनंतर ऊन उतरलं, हवा मऊ झाली, की पुन्हा टेकडी.

वारा दिसत नाही, पण तो काय करतोय हे दिसतं. टेक-ऑफवर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी, असतो, तो फक्त तेवढ्या जागेचं सांगतो. खालचं कळायला धरणाकडे बघायचं: ज्या काठाकडून वारा येतो त्या काठालगत पाण्याची एक पट्टी गुळगुळीत असते, पुढे तरंग सुरू होतात. उन्हाळ्यात शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचा धूर खालच्या वाऱ्याची दिशा आणि जोर दोन्ही दाखवतो. सरळ वर जाणारा धूर वेगळा, आडवा लोळणारा वेगळा, आणि वर जाऊन मध्येच उलट्या दिशेला वळणारा धूर म्हणजे दोन थरांत दोन वारे. घारी पंख न हलवता घिरट्या घालत वर चालल्या असतील तर तिथे थर्मल आहे. टेक-ऑफवर किट खाली ठेवून आधी दहा मिनिटं हेच बघत बसणारा विद्यार्थी मला सगळ्यात आश्वासक वाटतो.

टेकडीच्या काठावर

सोलोच्या आधी तपासणी होते: हेल्मेटचा पट्टा, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, हार्नेस आणि रायझर जोडणारे कॅरॅबिनर, रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूटची पिन, लाइन्स, वारा, समोरची हवा मोकळी आहे का. यात पायाचे पट्टे मी वेगळे काढून सांगेन. वाऱ्याची वाट बघत तासभर बसलं की माणूस पाणी प्यायला, लघवीला उठतो, हार्नेस सैल करतो. परत येतो तेव्हा वारा आलेला असतो, घाई होते, छातीचा पट्टा लागतो आणि पायाचे राहतात. जमिनीवर काहीच कळत नाही. हवेत गेल्यावर शरीर खाली घसरतं आणि माणूस काखांवर लटकतो. जगभर अनुभवी पायलटांचेही जीव यात गेले आहेत. हार्नेस एकदा सोडला की तपासणी पहिल्यापासून पुन्हा, अर्धी नाही.

हवेत रेडिओवर सूचना येत असतात: ‘थोडा डावा… बास… हात वर.’ उत्तर द्यायचं नसतं, फक्त ऐकायचं. वळायचा क्रम ठरलेला: आधी त्या बाजूला बघा, मग त्या बाजूच्या मांडीवर वजन टाका, मग त्या बाजूचा ब्रेक. लँडिंगला पाय वेळेत खाली सोडून उभ्या पवित्र्यात यायचं, विंगला वेग राहू द्यायचा आणि जमीन एक-दीड मीटरवर आली की दोन्ही ब्रेक पूर्ण खाली. विंग क्षणभर रेंगाळते आणि पाय टेकतात. ब्रेक लवकर ओढले तर तीन मीटरवरून धप्प. घोटे आणि पाठ दुखावून घेण्याचा हा हमखास मार्ग, त्यामुळे घोट्यावरचे बूट घालून या.

टेकडीसमोर गर्दी असली तर वाहतुकीचे नियम लागतात. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला टेकडी आहे त्याचा हक्क पहिला, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नाही. दुसऱ्याने टेकडीपासून बाहेर सरकायचं. जो खाली उडतोय त्यालाही वाट द्यायची, त्याला वरचं दिसत नसतं.

भीती कशाची बाळगायची

विंग मिटण्याची भीती सगळ्यांना असते. अस्थिर हवेत एखादी बाजू खरंच मिटते. ईएन-ए विंग बहुतेक वेळा आपणहून उघडते. तोवर उघड्या बाजूला वजन टाकून दिशा सरळ ठेवायची, फार ओढाताण करायची नाही. अगदीच वेळ आली तर रिझर्व्ह पॅराशूट असतं.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगांची. दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ, मग घाटमाथ्यावर ढग फुगू लागतात आणि पाऊस पडण्याआधी, ढग अजून दूर असतानाच, जोराच्या वाऱ्याची लाट जमिनीलगत पुढे धावत येते. विंगच्या वेगापेक्षा ती सहज जास्त असते. असा ढग वर खेचतोही. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मनिला इथे एवा विश्निएर्स्का या जर्मन पायलटला वादळी ढगाने ९९४६ मीटरपर्यंत नेलं. ती बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ साचलं, आणि तरीही ती जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला दुसरा पायलट वाचला नाही. ती जागतिक दर्जाची खेळाडू होती. उंच फुगलेला ढग दिसला की इन्स्ट्रक्टर सगळ्यांना विंगा गुंडाळायला सांगतात. त्यावर हुज्जत घालू नये, रजा वाया गेली तरी.

कोर्स निवडताना आणि कोर्स झाल्यावर

शाळा निवडताना किंमत आणि राहण्याची खोली शेवटी बघा. इन्स्ट्रक्टरकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे का, टेक-ऑफ आणि लँडिंग दोन्हीकडे एकेक जण रेडिओ घेऊन असतो का, विद्यार्थ्यालाही रिझर्व्ह देतात का, एका बॅचला किती जण, आणि वारा मिळालाच नाही तर उरलेले दिवस पुढे कधी देतात. शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं तर ती शाळा वाऱ्याशी प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही, कारण तिला खराब हवेत कोर्स उरकण्याची घाई नसते.

शिकण्याच्या पी-वन, पी-टू अशा पायऱ्या असतात. पहिल्या कोर्सनंतर तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या नजरेखाली उडू शकता, एकट्याने टेकडी शोधत फिरू शकत नाही. अनेकांना लगेच हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जायची ओढ लागते. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कप तिथे झाला होता, नाव मोठं आहे. पण बिलिंगचं टेक-ऑफ सुमारे २४०० मीटरवर, खालचं बीर जवळपास हजार मीटर खाली, आणि मागे धौलाधार. तिथले थर्मल आणि दऱ्यांतले वारे कामशेतच्या संध्याकाळच्या वाऱ्यापेक्षा फार दांडगे. दर मोसमात तिथून अपघाताच्या बातम्या येतात. आधी इथे भरपूर सोअरिंग करा, मग जाणत्या माणसाबरोबर तिकडे जा.

स्वतःचं किट घ्यायची घाई नको. घ्यायचंच झालं तर बहुतेक जण वापरलेलं घेतात. विंगवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती किटसकट आहे. ७० किलोच्या माणसाने स्वतःला ८५ धरून मधोमध बसणारी विंग निवडावी. उन्हाने नायलॉन जुनं होतं आणि कापडातून हवा झिरपू लागते, ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी विंग तपासणी केंद्रातून कापड आणि लाइन्सची लांबी मोजून घ्या. रिझर्व्ह साधारण वर्षाला एकदा उघडून पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. शेवटची घडी कधी घातली होती हे विकणाऱ्याला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर पहिल्या उड्डाणाआधी ते काम करून घ्या.